आधी बंदर, मग जहाज : ज्येष्ठांसह नॉर्वेची फ्योर्ड-सफर

गायरांगरच्या खाडीत आमचे जहाज पहाटेच शिरले होते. सकाळी नऊच्या सुमारास आम्ही उतरण्याच्या तयारीने खालच्या मजल्यावर आलो. बाबांचे वय ७८. दीड वर्षापूर्वी खुब्याचे हाड मोडून त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली होती. वॉकरच्या आधाराने ते सावकाश, पण स्वतःच्या पायांनी चालत होते. आदल्या रात्रीच त्यांनी कानटोपी, स्वेटर आणि जुनी दुर्बीण काढून ठेवली होती. दारापाशी पोहोचल्यावर कळले, की जहाज धक्क्याला लागलेलेच नाही. ते खाडीच्या मध्यावर नांगर टाकून उभे होते आणि प्रवाशांना लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेले जात होते. होडीत जाण्यासाठी काही अरुंद पायऱ्या उतरायच्या होत्या. खाली होडी हलकेच डोलत होती. खलाशाने वॉकरकडे पाहिले आणि नम्रपणे मान हलवली. मागे रांग खोळंबली होती.

"तुम्ही जाऊन या. मी आहे इथंच," एवढे बोलून बाबा माघारी वळले.

संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "हे आधी ठाऊक असतं, तर पहाटेच दुर्बीण घेऊन वरच्या डेकवर बसलो असतो." ज्या धबधब्यांसाठी लोक गायरांगरला जातात, ते जहाजाच्या वाटेवरच दुतर्फा होते. ते समोरून गेले तेव्हा आम्ही सारे न्याहारीच्या टेबलावर होतो.

चूक आमचीच होती. माहितीपत्रकात गायरांगर या नावापुढे एक बारीक खूण छापलेली होती. तिचा अर्थ आम्ही विचारला नव्हता. जहाज किती मजल्यांचे, जेवणात शाकाहारी पदार्थ कोणते, खोलीला गॅलरी आहे का, याची मात्र कसून चौकशी केली होती. ज्येष्ठांना घेऊन नॉर्वेला निघणाऱ्या कुटुंबांनी हा क्रम उलटा करावा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. आधी बंदरे पाहावीत, मग जहाज.

खोल पाणी, लहान गावे

हिमयुगात हिमनद्यांनी डोंगर कोरून खोल दऱ्या तयार केल्या. बर्फ वितळल्यावर त्या दऱ्यांत समुद्राचे पाणी शिरले. हेच फ्योर्ड. त्यांपैकी सोग्नेफ्योर्ड २०० किलोमीटरहून अधिक लांब असून त्याची कमाल खोली सुमारे १,३०० मीटर आहे. एवढ्या खोलीमुळे प्रचंड जहाजेही डोंगरांच्या कुशीत, समुद्रापासून फार आत असलेल्या खेड्यांपर्यंत पोहोचू शकतात. ही गावे मात्र काही शे वस्तीची असतात. तेथे महानगरासारखा लांबलचक धक्का नसतो आणि मोठे रुग्णालयही नसते. फ्योर्डचे सौंदर्य आणि ज्येष्ठांची अडचण अशी एकाच भूगोलातून आलेली आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फ्योर्डच्या आत दोन्ही बाजूंना उंच कडे असल्याने पाणी बहुधा संथ असते. जहाज हेलकावे खाते ते फ्योर्डच्या बाहेर, खुल्या समुद्रात. म्हणून बंदरांची यादी पाहताना दोन बंदरांमधील वाटही पाहावी लागते.

धक्का की होडी?

प्रत्येक बंदराविषयी पहिला प्रश्न हाच विचारावा : जहाज धक्क्याला लागणार, की नांगर टाकून होडीने उतरवणार? धक्क्याला लागलेल्या जहाजातून उतारावरून चालत किंवा चाकाच्या खुर्चीतून बाहेर पडता येते. दमल्यास अर्ध्या तासात परत येऊन विसावताही येते. होडीच्या बाबतीत पायऱ्या, डोलणारा काठ आणि परतीची रांग हे तिन्ही सोसावे लागते. गेटवे ऑफ इंडियावरून घारापुरीच्या लाँचमध्ये ज्यांनी पाय टाकला आहे, त्यांना तो एका पावलाचा प्रसंग आठवेल. विजेवर चालणारी जड चाकाची खुर्ची होडीत घेण्यास बहुतेक जहाजे नकार देतात. साध्या खुर्चीचा निर्णय त्या दिवशीच्या लाटांवर आणि प्रवाशाला स्वतः काही पावले टाकता येतात की नाही, यावर ठरतो. हा निर्णय सुरक्षिततेसाठी असतो. त्यावर वाद घालू नये.

गायरांगरला २०१३ पासून एक तरंगता पूलवजा धक्का आहे. तो उघडून थेट जहाजापर्यंत नेला जातो आणि प्रवासी चालत गावात येतात. परंतु एका वेळी तो एकाच मोठ्या जहाजाला मिळतो. त्यामुळे "गायरांगरला थांबणार" एवढे उत्तर पुरेसे नाही; "आमच्या तारखेला कसे उतरवणार?" असे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. लहान गावात एकाच दिवशी दोन मोठी जहाजे आली, तर एकाला नांगर टाकावा लागू शकतो, हेही लक्षात असू द्यावे.

बंदरांची ओळख, बसून पाहणाऱ्याच्या नजरेने

बर्गेन : ज्येष्ठांच्या दृष्टीने नॉर्वेतील सर्वांत सोयीच्या बंदरांपैकी एक. जहाज शहरातच धक्क्याला लागते. ब्रिग्गेन हा जुन्या व्यापाऱ्यांच्या लाकडी घरांचा भाग १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्याच्या आतील बोळांतील जमीन मात्र फळ्यांची आणि खडबडीत आहे. काठी किंवा वॉकर असलेल्यांनी समोरच्या सपाट रस्त्यावरून ती रंगीत घरे पाहावीत. मासळी बाजारापासून जवळच १९१८ पासून चालू असलेली, रुळांवरून डोंगर चढणारी फ्लॉयबानेन गाडी आहे. काही मिनिटांत ती ३२० मीटर उंचीवर नेते, आणि शहर, बेटे व समुद्र एका बाकावर बसून पाहता येतात. बर्गेनमध्ये वर्षातील दोनशेहून अधिक दिवस पाऊस पडतो. छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा, कारण हात काठीसाठी मोकळे राहतात. पादत्राणे न घसरणाऱ्या तळव्यांची असावीत.

फ्लोम : सोग्नेफ्योर्डच्या एका फाट्याच्या टोकाशी असलेले हे खेडे. धक्का आणि रेल्वे स्थानक यांत काही मिनिटांचेच अंतर आहे. येथून निघणारी गाडी सुमारे २० किलोमीटरच्या प्रवासात समुद्रसपाटीपासून ८६६ मीटर उंचीवरील मिर्दालपर्यंत चढते आणि वाटेत २० बोगदे पार करते. एका बाजूचा प्रवास साधारण तासाभराचा. ज्यांना चालवत नाही, त्यांना खिडकीशी बसून दरी, धबधबे आणि बर्फाचे डोंगर दाखवणारी अशी सोय विरळाच. वाटेत शोसफॉसेन धबधब्यापाशी गाडी थांबते, तेव्हा फलाट तुषारांनी ओला आणि निसरडा असतो. तोल जाणाऱ्यांनी आतूनच पाहावे. तिकिटे लवकर संपतात, म्हणून आगाऊ काढावीत आणि चाकाच्या खुर्चीची गरज तेव्हाच कळवावी.

गायरांगर : २००५ मध्ये जागतिक वारसा ठरलेला हा फ्योर्ड पाहण्याची सर्वोत्तम जागा जहाजाचा डेक हीच आहे. 'सात बहिणी' हा धबधबा आणि त्याच्या समोरच्या कड्यावरील 'वर' हा धबधबा जहाज आत येताना व बाहेर पडताना दिसतात. त्यांचे पाणी वितळणाऱ्या बर्फाचे असल्याने मे-जूनमध्ये ते भरून वाहतात. उन्हाळा सरत जातो तशा बहिणी रोडावतात. सुमारे १,५०० मीटर उंचीच्या डाल्सनिब्बा शिखरापर्यंत बस जाते. रस्ता वळणावळणांचा आहे आणि वर जुलैतही कडाक्याचा वारा असू शकतो. गाडी लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी याचा विचार करावा.

ओलेसुंड : २३ जानेवारी १९०४ च्या रात्रीच्या आगीत हे शहर जवळजवळ संपूर्ण जळाले. नंतर काही वर्षांत ते दगड-विटांच्या नक्षीदार शैलीत पुन्हा उभारले गेले. जहाज शहराच्या मध्याशीच लागते आणि बंदराकाठी सपाट रस्त्यावर सावकाश फिरता येते. प्रत्येक छायाचित्रात दिसणारे आक्सला टेकडीवरचे दृश्य पाहण्यासाठी ४१८ पायऱ्या आहेत. पण वरपर्यंत वाहनानेही जाता येते.

स्टाव्हांगर : जहाज गावाच्या अंगणातच उभे राहते. पांढऱ्या लाकडी घरांची जुनी वस्ती शेजारीच आहे, परंतु तेथील गल्ल्या चढणीच्या आणि दगडी फरशांच्या आहेत. ६०४ मीटर उंचीचा सुप्रसिद्ध 'प्रवचनपीठ' कडा गाठण्यासाठी काही तास डोंगर चढावा लागतो. गुडघे व हृदय अधू असणाऱ्यांसाठी तो नव्हे. लिसेफ्योर्डमधून बोटीने गेल्यास तोच कडा खालून, बसल्या जागी पाहता येतो. तेल उद्योगाचे संग्रहालय पावसाळी दिवसासाठी चांगला आसरा आहे.

आयडफ्योर्ड : हार्डांगर भागातील शांत गाव. येथून बसने वोरिंगफॉसेन या १८२ मीटरच्या धबधब्यापर्यंत जाता येते. काठावर पाहण्यासाठी सज्जे बांधलेले आहेत. २०२० मध्ये झालेल्या पुलाला ९९ पायऱ्या आहेत. तो ओलांडलाच पाहिजे असे नाही. मेच्या उत्तरार्धात हार्डांगरच्या काठांवर सफरचंदाच्या बागा फुलतात.

ओल्डन : युरोपच्या मुख्य भूमीवरील सर्वांत मोठ्या हिमनदीच्या, योस्टेडालब्रेनच्या, एका फाट्याकडे जाण्याचे हे द्वार. उघड्या लहान गाड्या प्रवाशांना बऱ्याच अंतरापर्यंत नेतात, मात्र शेवटचा टप्पा पायीच आहे. जवळच्या लोएन येथे २०१७ मध्ये सुरू झालेला रोपवे १,०११ मीटर उंचीवर नेतो. हिमनदीपर्यंत चालणे शक्य नसेल, तर हा पर्याय अधिक सुखाचा.

या यादीतून एक गोष्ट दिसेल. प्रत्येक बंदरात चालणाऱ्यासाठी एक आणि बसून पाहणाऱ्यासाठी एक, अशा दोन वाटा आहेत. आपल्या घरातील ज्येष्ठांची वाट कोणती, हे निघण्यापूर्वी ठरवून ठेवले, तर तेथे पोहोचल्यावर कोणालाही मागे राहावे लागत नाही.

दोन बंदरांमधली वाट

ओलेसुंड आणि गायरांगर ही बंदरे स्टाड या भूशिराच्या उत्तरेस आहेत. ओल्डन, फ्लोम, बर्गेन, आयडफ्योर्ड आणि स्टाव्हांगर दक्षिणेस. स्टाडपाशी किनाऱ्याला बेटांचे कवच नाही आणि तेथील समुद्र खवळलेला असण्याबद्दल प्रसिद्ध आहे. ज्यांना समुद्र फार लागतो, त्यांनी दक्षिणेकडील बंदरांचा मार्ग निवडल्यास हे वळण टळते. सफर इंग्लंड किंवा जर्मनीहून निघत असेल, तर उत्तर समुद्र ओलांडण्याचा काळही त्यात धरावा. खोली जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घेतल्यास हेलकावे कमी जाणवतात.

मळमळीवरील नेहमीच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने देऊ नयेत. त्यांतील अनेक औषधांनी वृद्धांना गुंगी येते, तोल जातो, बुद्धिभ्रम होऊ शकतो. प्रोस्टेट वाढलेल्यांना लघवी अडण्याचा आणि काचबिंदूच्या काही रुग्णांना डोळ्यांतील दाब वाढण्याचा धोका असतो. डॉक्टरांना विचारून औषध व मात्रा आधीच ठरवून घ्यावी.

उत्तरेकडे, ट्रोम्सो किंवा नॉर्थ केपपर्यंत जाणाऱ्या सफरींत मेच्या मध्यानंतर ते जुलैच्या उत्तरार्धापर्यंत मध्यरात्रीचा सूर्य दिसतो. तो अनुभव अपूर्व आहे. पण स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला रात्री दोन वाजताचा लख्ख उजेड गोंधळात टाकू शकतो. जूनमध्ये बर्गेनलाही रात्र पुरती काळोखी होत नाही. जाड पडद्यांची खोली, डोळ्यांवरची पट्टी, झोपेची ठरलेली वेळ आणि चोवीस तास दाखवणारे घड्याळ यांचा उपयोग होतो.

रुग्णालय किती दूर?

मोठ्या जहाजावर डॉक्टर, परिचारिका आणि प्राथमिक उपचारांची सोय असते. त्यांचे काम रुग्णाला स्थिर करून किनाऱ्यावर पाठवणे, हे असते. खर्च वेगळा आकारला जातो. बर्गेन आणि स्टाव्हांगर येथे विद्यापीठांशी संलग्न मोठी रुग्णालये आहेत. गायरांगर, फ्लोम, आयडफ्योर्ड ही खेडी आहेत. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या, ऑक्सिजन लागणाऱ्या किंवा वारंवार दाखल व्हावे लागणाऱ्या रुग्णासाठी सलग दोन-तीन दिवस दूरच्या खेड्यांतून नेणाऱ्या मार्गापेक्षा मधूनमधून शहरे असलेला मार्ग बरा. डायलिसिसची सोय सर्वसाधारण जहाजांवर नसते. ऑक्सिजनचे यंत्र न्यायचे असल्यास कंपनीला आधी कळवावे लागते. नॉर्वेत रुग्णवाहिकेसाठी ११३ हा क्रमांक आहे.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. ही रक्कम व्हिसाची अट पूर्ण करते. हेलिकॉप्टरने रुग्ण हलवण्याचा किंवा मायदेशी आणण्याचा खर्च तीत भागेलच असे नाही. विम्यात पूर्वीपासूनचे आजार आणि सागरी सफर यांचा स्पष्ट उल्लेख आहे का, ते पाहावे. जहाज इंग्लंडहून निघणार असल्यास तेथील व्हिसा वेगळा काढावा लागतो.

औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या पत्रासह आणि हातातल्या पिशवीत असावीत. इन्सुलिन विमानाच्या मालडब्यात ठेवू नये, तेथे ते गोठण्याची भीती असते. उन्हाळ्यात नॉर्वे भारताच्या साडेतीन तास मागे असते. इन्सुलिन व इतर ठरलेल्या वेळेच्या औषधांचे नवे वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेऊन लगेच तीन तासांच्या बसमध्ये बसणे म्हणजे ज्येष्ठांसाठी यातना. त्या दिवशी गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे, आणि सहलीत शौचालय कोठे व किती वेळाने येते, याची चौकशी करावी. हा प्रश्न विचारताना संकोच नको. अनेक ज्येष्ठ केवळ याच भीतीपोटी दिवसभर पाणी पीत नाहीत आणि सहलीला नकार देतात. जहाजावर उलट्या-जुलाबाची साथ पसरू शकते. तिच्यापासून रक्षणासाठी जंतुनाशक द्रावापेक्षा साबण-पाण्याने हात धुणे अधिक खात्रीचे.

पैसे भरण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. प्रत्येक बंदरात आमच्या तारखेला जहाज धक्क्याला लागणार आहे का? होडी असल्यास पायऱ्या किती?
२. थांबा किती तासांचा? जहाजावर परतण्याची शेवटची वेळ कोणती?
३. धक्क्यापासून गाव, स्थानक किंवा बस किती अंतरावर आहे? रस्ता सपाट आहे का?
४. बसमध्ये चढण्यासाठी उतरणारी पायरी किंवा चाकाच्या खुर्चीसाठी सोय आहे का?
५. सलग किती दिवस बंदरांचे आहेत? मध्ये विश्रांतीचा दिवस येतो का?
६. हवामानामुळे बंदर रद्द झाल्यास पर्याय काय?
७. फ्योर्डमधील सर्वांत सुंदर भाग जहाज किती वाजता ओलांडणार?

शेवटचा प्रश्न आम्ही विचारला असता, तर बाबांची ती पहाट वाया गेली नसती.

मार्ग पुढील वर्षांसाठी ठरवत असाल, तर एक बदल माहीत असावा. गायरांगर आणि फ्लोमकडे जाणाऱ्या वारसा-फ्योर्डमध्ये धूर न सोडणाऱ्या जहाजांनाच प्रवेश देण्याचा नियम नॉर्वेने केला आहे. १०,००० टनांपेक्षा लहान प्रवासी जहाजांना तो १ जानेवारी २०२६ पासून आणि मोठ्यांना १ जानेवारी २०३२ पासून लागू होतो. त्यामुळे मार्ग बदलू शकतात. जुन्या माहितीपत्रकावर विसंबू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

सात दिवसांत सहा बंदरे पाहण्याचा हव्यास सोडावा. एक दिवस उतरावे, एक दिवस जहाजावरच राहावे, हा क्रम ज्येष्ठांच्या सांध्यांना आणि हृदयाला मानवतो. प्रवासी उतरून गेल्यावर डेक रिकामा असतो, खुर्च्या मोकळ्या असतात आणि समोर डोंगर तसाच उभा असतो. कुटुंबातील दोघांनी आळीपाळीने सोबत थांबावे, म्हणजे काळजी घेणाऱ्यालाही एखादे बंदर मोकळ्या मनाने पाहता येते. त्यात अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. थकलेला माणूस दुसऱ्याला नीट सांभाळू शकत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे : हे निर्णय ज्येष्ठांच्या पाठीमागे घेऊ नयेत. नकाशा टेबलावर पसरावा, त्यांचा चष्मा त्यांच्या हाती द्यावा आणि कोणत्या बंदरात काय झेपेल, हे त्यांनाच विचारावे. आपल्या शरीराच्या मर्यादा त्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असतात. घरी, निवांतपणी स्वीकारलेली मर्यादा सुसह्य असते. तीच मर्यादा परक्या दारात, रांगेसमोर कळली तर मनाला लागते.

गायरांगरनंतर दोन दिवसांनी आम्ही बर्गेनला होतो. त्या सकाळी आम्ही बाबांना आदल्या रात्रीच सारे सांगून ठेवले होते : धक्का आहे, गाडीपर्यंत रस्ता सपाट आहे, वर बाके आहेत, पाऊस येईल. पाऊस आलाही. डोंगरमाथ्यावर ते तासभर बसून होते, दुर्बिणीतून आमचे जहाज शोधत. सापडल्यावर त्यांनी दुर्बीण माझ्या हाती दिली आणि म्हणाले, "बघ, आपली खोली कोणती ते."